खाली नगरसभा, वर शाळा

प्रास्ताविक

एखादी जुनी वास्तू पाहताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो. ही कोणी बांधली आणि केव्हा बांधली? त्यानंतर त्या वास्तूत कोण राहिले, कोणाला आत येऊ दिले, कोणाला दाराबाहेर ठेवले, हे प्रश्न सहसा विचारायचे राहून जातात. प्रस्तुत पाठात इंग्लंडमधील एका जुन्या शाळेच्या इमारतीचा परिचय करून दिला आहे. ही इमारत सहाशे वर्षांची आहे. जगप्रसिद्ध नाटककार विल्यम शेक्सपिअर याच शाळेत शिकला असे मानले जाते. 'मानले जाते' असे का म्हणावे लागते, तेही या पाठात पुढे येईल.

हा पाठ वाचल्यावर लाकडी सांगाड्याची इमारत कशी उभी राहते, हे तुम्हांला सांगता येईल. एखाद्या गोष्टीचा थेट पुरावा नसताना इतिहासाचे अभ्यासक निष्कर्षापर्यंत कसे पोहोचतात, हेही तुमच्या लक्षात येईल.

पाठ

'इंग्रजी शाळा' हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर इंग्रजी माध्यमाची शाळा उभी राहते. येथे ज्या शाळेविषयी सांगायचे आहे ती इंग्लंडमधील आहे. पण गंमत अशी की, तिच्यात मुख्यतः इंग्रजी शिकवले जातच नव्हते. तिच्यात लॅटिन शिकवले जाई. अशा शाळांना 'ग्रामर स्कूल' म्हणजे व्याकरणशाळा म्हणत, आणि व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण हे त्या काळी वेगळे सांगावे लागत नसे.

इंग्लंडच्या मध्यभागी वॉरिकशायर परगण्यात एव्हन नदीच्या काठी स्ट्रॅटफर्ड नावाचे बाजारपेठेचे गाव आहे. गावातल्या चर्च स्ट्रीट या रस्त्यावर एक दगडी प्रार्थनामंदिर आहे. त्याला लागूनच एक लांबट, दुमजली, काळपट लाकडाची आणि पांढऱ्या गिलाव्याची इमारत आहे. तिला गिल्डहॉल म्हणतात. गिल्ड म्हणजे संघ. स्ट्रॅटफर्डमध्ये तेराव्या शतकापासून 'होली क्रॉस' म्हणजे पवित्र क्रूसाच्या नावाने एक धार्मिक संघ होता. सभासदांनी वर्गणी द्यावी, संघाने त्यांच्यासाठी प्रार्थना कराव्यात, गरीब आणि वृद्ध सभासदांना आधार द्यावा, वर्षातून एकदा सर्वांनी मिळून मेजवानी करावी, असे त्याचे स्वरूप होते. स्त्री आणि पुरुष दोघांनाही सभासद होता येई. एवढेच नव्हे, तर पैसे भरून मृत आप्ताचे नावही सभासदांच्या वहीत घालता येत असे! मृतांनाही दार उघडे ठेवणाऱ्या या संघाच्या वास्तूत पुढे जी शाळा भरली, तिचे दार गावातल्या निम्म्या मुलांना मात्र बंद होते. त्याकडे आपण नंतर वळू.

संघाचा पैसा वाढला तशी त्याला स्वतःच्या सभागृहाची गरज भासू लागली. १४१७ ते १४२० च्या सुमारास ही इमारत उभी राहिली. संघाने मुलांच्या शिक्षणाचीही सोय केली होती. १४२७ मध्ये संघाने मागच्या अंगणात शाळेसाठी स्वतंत्र छोटी इमारत बांधली. तिच्या बांधकामाच्या खर्चाचे हिशेब आजही उपलब्ध आहेत आणि ती इमारतही उभी आहे. १४८२ मध्ये टॉमस जॉलिफ नावाच्या धर्मगुरूने आपल्या मालमत्तेचे उत्पन्न शाळेला दिले. शिकायला येणाऱ्या मुलांकडून शिक्षकाने काहीही घेऊ नये, ही त्यामागची अट होती. शिक्षण मोफत असावे ही कल्पना अगदी अलीकडची आहे असे आपल्याला वाटते. पण तिची मुळे अशी जुनी आहेत.

लाकडाची बांधणी

आता इमारत जरा जवळून पाहू. तिचा भार भिंतींवर नाही, तो लाकडी सांगाड्यावर आहे. आपल्याकडील जुन्या वाड्यांतही तुळया आणि खांब हेच घर तोलून धरतात. भिंत पडली तरी घर उभे राहते. येथेही तसेच आहे. ओक या झाडाचे लाकूड त्यासाठी वापरले जाई. हे लाकूड वाळले की इतके कठीण होते की त्याच्यावर हत्यार चालवणे अवघड जाते. म्हणून सुतार ते ओले असतानाच कापत. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याच्या टोकाला त्या खाचेत नेमके बसेल असे कुसू काढायचे, आणि दोन्ही जोडून त्यांतून आरपार लाकडी खुंटी ठोकायची, अशी ही जोडणी असे.

सगळा सांगाडा आधी जमिनीवर आडवा मांडून जुळवून पाहत. कोणते लाकूड कोठे बसते ते समजावे म्हणून सुतार प्रत्येक जोडावर खुणा कोरत. मग तो सुटा करून जागेवर नेत आणि पुन्हा उभा करत. लाकूड पुढे अनेक वर्षे वाळत राही, आक्रसे, थोडे पिळवटे. त्यामुळे अशा इमारतींच्या रेषा कोठेच अगदी सरळ दिसत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते की इमारत कलली आहे, आता पडणार. प्रत्यक्षात त्या आक्रसण्यानेच जोड अधिक घट्ट होतात.

खांबांमधली जागा भरण्याची रीत कोकणातील वाचकांना तर घरचीच वाटेल. काठ्यांचा कूड विणून त्यावर माती, गवत आणि शेण यांचा लेप द्यायचा, आणि वरून चुन्याचा हात फिरवायचा. इंग्लंडमधील शेतकरी आणि कोकणातील शेतकरी यांची कधी गाठ पडली नव्हती. पण माती, काठी आणि शेण यांचा उपयोग दोघांनाही सारखाच उमगला होता.

रस्त्यावरून पाहिले की आणखी दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. उभे खांब एकमेकांच्या फार जवळ आहेत. इमारत उभी राहण्यासाठी इतक्या खांबांची गरज नव्हती. लाकूड महाग होते आणि ते असे सढळ हाताने वापरणे म्हणजे संघाच्या श्रीमंतीची जाहिरातच होती. दुसरी गोष्ट म्हणजे वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा रस्त्याच्या बाजूला थोडा पुढे आला आहे. वरच्या जमिनीच्या तुळया खालच्या भिंतीच्या बाहेर काढून त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी केली आहे. तिचे वजन तुळईच्या बाहेरच्या टोकावर पडते, आणि त्यामुळे तुळई मध्ये वाकण्याला आळा बसतो. म्हणजे दिसायला शोभा आणि कामाला तोल, असे दोन्ही त्यात साधले आहे.

आत खाली एक लांब दालन आहे. वरही तसेच दालन असून तेथे छपराचे वासे आणि तुळया उघड्या दिसतात. संघाच्या मेजवान्या वरच्या दालनात होत. खालच्या दालनाच्या एका टोकाच्या भिंतीवर क्रूसावरील येशू आणि त्याच्या दोन बाजूंना मेरी व जॉन असे चित्र होते. त्याचे फिकट अवशेष अजून दिसतात.

पाठगत प्रश्न १
(अ) ओकचे लाकूड ओले असतानाच का कापत असत?
(आ) वरचा मजला पुढे काढल्याने कोणता फायदा होतो, ते तुमच्या शब्दांत सांगा.

संघ गेला, शाळा राहिली

१५४७ मध्ये या वास्तूवर मोठे संकट आले. इंग्लंडचे राजघराणे आता पोपच्या धर्मसत्तेपासून वेगळे झाले होते. मृतांसाठी प्रार्थना करणारे सगळे संघ कायद्याने बरखास्त झाले आणि त्यांची मालमत्ता राजाकडे गेली. होली क्रॉस संघही संपला. त्याच्याबरोबर गावाचा आधारच गेला, कारण शाळा, वृद्धांची घरे, नदीवरच्या पुलाची देखभाल, अशी अनेक कामे संघाच्या उत्पन्नावर चालत होती.

गावकऱ्यांनी राजाकडे मागणी केली. २८ जून १५५३ रोजी सहावा एडवर्ड या राजाने स्ट्रॅटफर्डला सनद दिली. गावाला स्वतःची नगरसभा मिळाली, संघाची बरीचशी मालमत्ता तिच्याकडे आली, आणि त्या उत्पन्नातून शाळा चालवण्याची जबाबदारीही तिच्यावर पडली. शिक्षकाला वर्षाला २० पौंड पगार आणि राहण्यास घर ठरले. हा पगार त्या काळच्या मानाने चांगला होता. राजाचे वय तेव्हा पंधरा वर्षे होते आणि तो आजारी होता. सनदेनंतर अवघ्या आठ दिवसांनी, ६ जुलै रोजी, त्याचा मृत्यू झाला. सनदेला आणखी पंधरवडा लागला असता, तर या शाळेचे काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढील काही वर्षांत शाळा गिल्डहॉलच्या वरच्या मजल्यावर भरू लागली. खाली नगरसभेच्या बैठका, खटले आणि कधीमधी खेळ. वर मुलांचा लॅटिनचा घोष. जेथे एकेकाळी मेजवान्या झडत होत्या तेथे आता पाठांतर होऊ लागले.

याच नगरसभेत जॉन शेक्सपिअर नावाचा हातमोजे बनवणारा कारागीर होता. १५६४ च्या सुरुवातीच्या हिशेबात, शेजारच्या प्रार्थनामंदिरातील चित्रे पुसण्यासाठी २ शिलिंग खर्च केल्याची नोंद आहे. हा हिशेब जॉनच्या कारभारातला आहे. नव्या धर्ममताला जुनी चित्रे मान्य नव्हती, म्हणून त्यांच्यावर चुना फासण्यात आला. चित्रे मात्र नष्ट झाली नाहीत. १८०४ मध्ये दुरुस्तीच्या वेळी चुन्याचा थर निघाला आणि खालून शेवटच्या न्यायदिनाचे भव्य चित्र प्रकट झाले. पुसणाऱ्याने मुद्दामच हात हलका ठेवला होता, असे काहींना वाटते. ते सिद्ध करता येत नाही; पण चुन्याखाली चित्र सुमारे दोनशे चाळीस वर्षे टिकले, एवढे खरे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉनच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. त्याचे नाव विल्यम.

वहीत नसलेला विद्यार्थी

विल्यम शेक्सपिअर या शाळेत शिकला का? त्या काळातील विद्यार्थ्यांची नावे असलेली वही आज अस्तित्वात नाही. थेट पुरावा नाही, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागते. मग अभ्यासक कशाच्या आधारे बोलतात? शाळा मोफत होती. वडील नगरसभेचे सभासद होते. १५६८ मध्ये तर ते नगरप्रमुख झाले. घर शाळेपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर होते. १७०९ मध्ये निकोलस रो या संपादकाने लिहिलेल्या चरित्रातही तो मोफत शाळेत गेल्याचा उल्लेख आहे. शिवाय त्याच्या नाटकांमधून ज्या लॅटिन कवींचा, विशेषतः ओव्हिडचा, प्रभाव जाणवतो, तेच कवी अशा शाळांमध्ये शिकवले जात. त्याच्या एका विनोदी नाटकात एक पंतोजी विल्यम नावाच्याच मुलाला लॅटिन विभक्तींवर प्रश्न विचारून भंडावून सोडतो. एकेक धागा कच्चा असला तरी सगळे मिळून दोर पुरेसा मजबूत होतो.

त्या काळच्या अशा शाळांची दिनचर्या कडक होती. मुले घराजवळच्या लहान शाळेत अक्षरओळख करून साधारण सातव्या वर्षी व्याकरणशाळेत येत. उन्हाळ्यात सकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला शाळा सुरू होई. दुपारी जेवणाची सुट्टी, मग पुन्हा पाचपर्यंत वर्ग. विल्यम लिली याच्या नावाने ओळखले जाणारे व्याकरण पाठ करायचे, लॅटिन उताऱ्याचे इंग्रजीत भाषांतर करायचे, आणि पुस्तक मिटून त्या इंग्रजीचे पुन्हा लॅटिन करायचे. छडी हाताशीच असे. आज हा अभ्यास रुक्ष वाटेल. पण एकच गोष्ट दहा तऱ्हांनी कशी म्हणावी याचा सराव रोज होत असे, आणि भावी नाटककाराला याहून उपयोगी काय असणार?

मुलींना या शाळेत प्रवेश नव्हता. विल्यमला बहिणी होत्या. त्यांच्यापैकी कोणीही या जिन्याने वर चढले नसणार. ज्यांच्या हातांची घरी कामासाठी गरज होती, अशा गरीब कुटुंबांतील मुलांनाही 'मोफत' हा शब्द फारसा उपयोगी नव्हता. मूल शाळेत गेले की त्याची मजुरी बुडते, हा हिशेब आपल्याकडेही कित्येक घरांना आजवर करावा लागला आहे.

त्या हिशेबाने विल्यमलाही सोडले नाही. १५७६ नंतर जॉनचे दिवस फिरले. त्याने नगरसभेच्या बैठकांना येणे बंद केले, पत्नीची जमीन गहाण टाकली. घरच्या ओढगस्तीमुळे वडिलांनी मुलाला शाळेतून काढले, असे रो लिहितो. विल्यम तेव्हा बारा-चौदा वर्षांचा असावा. तो विद्यापीठात कधीच गेला नाही. पुढे लंडनमध्ये विद्यापीठात शिकलेल्या लेखकांनी त्याला हिणवले, आणि त्याचा मित्र बेन जॉन्सन यानेही, कौतुक करता करता, त्याच्या लॅटिनला बेताचे आणि ग्रीकला त्याहूनही बेताचे ठरवले.

नाटकाला बंदी

इमारतीच्या खालच्या दालनात मात्र विल्यमचे आणखी एक शिक्षण झाले असण्याचा संभव आहे. १५६८-६९ या वर्षी जॉन नगरप्रमुख असताना दोन फिरत्या नाटकमंडळ्या गावात आल्या. नगरसभेने राणीच्या मंडळीला ९ शिलिंग आणि वूस्टरच्या सरदाराच्या मंडळीला १२ पेन्स, म्हणजे एक शिलिंग, दिल्याचे हिशेबात आहे. असा पहिला खेळ नगरप्रमुखांसमोर करण्याची पद्धत होती. पाच वर्षांच्या विल्यमने वडिलांशेजारी बसून तो पाहिला असेल काय? नोंद नाही, पण कल्पना करायला कोणाची हरकत नाही. त्यानंतरही या सभागृहात अनेक मंडळ्या येत राहिल्या.

पुढचा भाग मात्र कल्पनेचा नाही. हळूहळू गावात कडव्या धर्ममताचे वजन वाढले. १६०२ मध्ये नगरसभेने गिल्डहॉलमध्ये नाटके करण्यास मनाई केली आणि परवानगी देणाऱ्या सभासदाला १० शिलिंग दंड ठरवला. १६१२ मध्ये हा दंड १० पौंड, म्हणजे वीसपट झाला. शेक्सपिअर तेव्हा हयात होता, लंडनमध्ये नाव मिळवून श्रीमंत झाला होता. १५९७ मध्ये त्याने विकत घेतलेले 'न्यू प्लेस' हे मोठे घर प्रार्थनामंदिरासमोर, गल्लीच्या पलीकडे होते. शाळा तेथून हाकेच्या अंतरावर. १६१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. १६२२ मध्ये त्याची स्वतःची मंडळी, म्हणजे राजाच्या आश्रयाखालील 'किंग्ज मेन', स्ट्रॅटफर्डला आली. नगरसभेने त्यांना ६ शिलिंग दिले. ते खेळ केल्याबद्दल नव्हे, तर सभागृहात खेळ न करण्याबद्दल!

आपल्या मराठी रंगभूमीचे शेक्सपिअरशी नाते जुने आहे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले, आणि गोविंद बल्लाळ देवलांचे 'झुंजारराव' हे 'ऑथेल्लो'वर आधारलेले नाटक १८९० मधले. ज्या गावाने नाटकमंडळीला परत पाठवण्यासाठी पैसे मोजले, त्या गावच्या मुलाची नाटके अशी हजारो मैलांवर पोहोचली.

नंतरच्या काळात इमारतीत अनेक बदल झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची मोठी दुरुस्ती झाली. शेक्सपिअरच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली त्या वर्षी, २०१६ मध्ये, वरची शाळाखोली आणि खालचे दालन लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. शाळा मात्र संग्रहालयात जमा झाली नाही. सहाव्या एडवर्डच्या नावाने ती चालू आहे, आणि याच आवारात तिचे वर्ग भरतात. २०१३ पासून शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गांत मुलींनाही प्रवेश मिळू लागला. सनदेपासून मोजले तर त्यासाठी चारशे साठ वर्षे लागली.

शब्दार्थ
सनद – राजाने दिलेले अधिकारपत्र
कुसू – खाचेत बसवण्यासाठी लाकडाच्या टोकाला काढलेला भाग
कूड – काठ्या विणून केलेली भिंत
ओढगस्ती – पैशाची तंगी
पंतोजी – जुन्या पद्धतीच्या शाळेतील शिक्षक

स्वाध्याय
१. शेक्सपिअर या शाळेत शिकला असावा, असे मानण्यास कोणकोणते आधार आहेत? त्यांपैकी तुम्हांला सर्वांत भक्कम कोणता वाटतो? का?
२. 'मोफत' शिक्षणाची सोय असूनही कोणाला या शाळेचा लाभ घेता आला नाही? कारणे लिहा.
३. १६२२ मधील नोंदीतील विसंगती स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखादी जुनी शाळा, वाडा किंवा चावडी पाहा. तिचे बांधकाम कशाचे आहे, ती पूर्वी कोणत्या कामासाठी वापरली जाई आणि आज कोणत्या, हे वडीलधाऱ्यांना विचारून पंधरा ओळींत लिहा. ऐकीव माहिती कोणती आणि नोंद असलेली कोणती, हे वेगळे दाखवा.